टायमिंग चेनची कुरकुर

मोहाडीहून कधी तुमसर, कधी भंडारा, रोजची ये-जा. गाडी १५० सीसीची. मागे कधी बायको, कधी धानाचं पोतं.

१. प्रत्येक कटकट टापेटची नसते. मी एका गॅरेजात दोनदा टापेट सेट करून घेतले, आवाज तिथेच. टापेटची टिकटिक घड्याळासारखी एकसुरी. चेन ढिली झाली की खरखर, आणि रेस सोडली की जास्तच. शेवटी एका मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली. "टापेट नाही जी भाऊ, टायमिंग चेन बोलून राहिली."

२. आत काय चाललंय ते आधी समजून घ्या. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. म्हणजे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह २,००० वेळा उघडतो, आणि त्याची वेळ सांभाळते ही चेन. तिची एक बाजू क्रँक ओढतो, ती ताठ. दुसरी ढिली, तिथे रबर चढवलेली वाकडी पट्टी टेकते आणि पट्टीला मागून टेन्शनर रेटतो. काही गाड्यांत दातेरी दांडी असते, एकेक दात पुढे सरकणारी. माझ्या गाडीत पीळ दिलेली स्प्रिंग स्क्रू फिरवते आणि स्क्रू दांडी बाहेर काढतो. चेन दांडीला कितीही मागे ढकलो, सरळ रेट्याने स्क्रू उलटा फिरत नाही. ट्रकखालचा पेचाचा जॅक ओझ्याने आपोआप उतरतो का? तसंच. हे कळलं तेव्हा गाडी दुरुस्त झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

३. टेन्शनर काढलेला असताना किक मारू नका. चेन दात सोडते, व्हॉल्व्हची वेळ चुकते, पिस्टन व्हॉल्व्हला धडकू शकतो.

४. रोवणीच्या धांदलीत मी ऑइल बदलणं दोन महिने ढकललं. चेन, पट्टी, स्क्रूचे आटे, सगळे त्याच तेलावर जगतात. आटे झिजले की दांडी मागे घसरते. माझी घसरतच होती.

५. नवा टेन्शनर जुन्या चेनला आखूड करत नाही. कड्यांच्या पिना झिजून ती लांबते आणि दांडीची धाव तर ठरलेली. मी काटकसर करून आधी टेन्शनर तेवढा बदलला. महिनाभरात खरखर परत. मग चेन, पट्टी सगळंच घातलं. जुनी पट्टी घरी आणली. रबरावर चेनने दोन सरळ नाल्या कोरल्या होत्या, बांधीत पाणी सोडायला काढतो तशा.