शब्द समजले की भीती कमी होते : कोरोनाच्या लशीचे सहा शब्द



2021 साली आमच्या गटातल्या एका काकूंनी लशीचा पहिला डोस घेतला. रात्री ताप आला, हात ठणकला. शेजारणीने सांगितलं, "अगं, अजून चाचणी चालू आहे त्याची, आपल्यावरच प्रयोग करतायत." काकूंनी दुसरा डोस घेतलाच नाही. तेव्हा बैठकीत कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. शब्द कानावरून गेले होते, अर्थ माहीत नव्हता. म्हणून या महिन्याचा पाठ शब्दांचा.

1. प्रतिपिंडं (अँटीबॉडी)
रोगजंतूला ओळखून अडवणारे शरीरातले पहारेकरी. गावात चोर येण्याआधीच पहारेकऱ्याला त्याचा फोटो दाखवून ठेवावा, तसं काम लस करते. लस घेतल्यावर येणारा थोडा ताप किंवा दुखरा हात ही बहुतेक वेळा पहारेकरी जागे झाल्याची खूण असते.

2. लशीचे प्रकार
कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकने आयसीएमआर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेबरोबर तयार केली. तिच्यात मारलेला विषाणू असतो. त्याने आजार होत नाही, पण शरीराला ओळख पटते.
कोविशील्ड ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. तिच्यात दुसराच एक निरुपद्रवी विषाणू कोरोनाच्या काट्याची माहिती घेऊन येतो. म्हणून तिला वाहक लस म्हणतात.
एमआरएनए लशीत काटा कसा बनवायचा याची नुसती चिठ्ठी असते. काम झालं की शरीर ती चिठ्ठी नष्ट करतं.

3. चाचणीचे टप्पे
आधी प्रयोगशाळा आणि प्राणी. मग माणसं. पहिल्या टप्प्यात थोडी माणसं : लस सुरक्षित आहे का? दुसऱ्यात शेकडो : डोस किती द्यायचा? तिसऱ्यात हजारो : आजार खरंच टळतो का?

"मग एवढ्या लवकर कशी झाली?" हा प्रश्न रास्त आहे. एका चुलीवर आधी आमटी, मग भाकरी केली तर वेळ लागतो. दोन चुली पेटवल्या तर स्वयंपाक लवकर होतो. इथेही टप्पे एकमेकांना जोडून घेतले. सार्स या जुन्या आजारावरचं संशोधन हाताशी होतं. सीरमने तर परवानगी मिळण्याआधीच डोस बनवून ठेवले होते.

4. परिणामकारकता
कोव्हॅक्सिनची परिणामकारकता 77.8 टक्के आली. म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या बावीस जणी आजारी पडणार, असं नाही! हिशेब असा : चाचणीत सुमारे 25,800 माणसं होती. एका गटाला लस दिली, दुसऱ्याला दिसायला तसंच, पण लस नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. नंतर लक्षणं असलेला कोरोना लस घेतलेल्या गटात 24 जणांना झाला, दुसऱ्या गटात 106 जणांना. जिथे शंभर आजारी पडले असते, तिथे साधारण अठ्ठ्याहत्तर वाचले.

5. आपत्कालीन वापराची परवानगी
संकटात, हाती असलेली माहिती तपासून, धोक्यापेक्षा फायदा जास्त दिसला तर दिलेली परवानगी. आपल्याकडे ती दोन्ही लशींना 3 जानेवारी 2021 रोजी जाहीर झाली आणि 16 जानेवारीला लसीकरण सुरू झालं. कोव्हॅक्सिनचा तिसरा टप्पा तेव्हा चालू होता, निकाल नंतर आले. त्यावर तज्ज्ञांनीही प्रश्न विचारले. म्हणजे काकूंची शेजारीण अगदीच खोटं बोलत नव्हती. अर्धं खरं सांगत होती, आणि उरलेलं अर्धं सांगायला आम्ही कमी पडलो.

6. दुष्परिणाम
ताप, अंगदुखी, थकवा हे नेहमीचे. फार क्वचित गंभीर त्रासही होतो. कोविशील्डसारख्या लशीनंतर रक्तात गाठी होण्याचे तुरळक प्रकार जगात नोंदले गेले. हे लपवायचं नाही. लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत, ते लगेच होणारी ॲलर्जी दिसावी म्हणून. नंतरच्या दिवसांत दम लागला, छातीत किंवा पोटात जोराचं दुखलं, डोकेदुखी थांबेना, तर लगेच दवाखाना गाठायचा.

आता कोरोना मागे पडला, पण लशी येतच राहणार : बाळाच्या, मुलींच्या, म्हाताऱ्या माणसांच्या. पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा आणि कोणत्याही लशीबद्दल हे चार प्रश्न विचारा :
- ही लस कोणत्या प्रकारची आहे?
- चाचणी किती जणांवर झाली, काय निघालं?
- किती डोस, किती अंतराने?
- त्रास झाला तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. कर्ज देताना आपण चार प्रश्न विचारतोच ना? मग दंडात सुई घेताना का नाही विचारायचे? विचारा, समजून घ्या, आणि पटलं की डोस पूर्ण करा.