पहिला आत शिरणारा

व्हॅलोरंट खेळायला बसलेल्या नव्या पोराला विचारावं, कोणतं पात्र घेणार? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: जेट, नाहीतर रेझ. दोघी ड्युअलिस्ट, म्हणजे आघाडीवर धावून जाणाऱ्या. रायट गेम्सचा हा पाच-विरुद्ध-पाच खेळ जून 2020 मध्ये आला, तेव्हापासून या जागेची ओढ कमी झालेली नाही. आणि सगळ्यांत जास्त बोलणीही याच जागेवरच्या खेळाडूला खावी लागतात.

प्रस्तुत लेखकाने ही जागा बराच काळ सांभाळली आहे, पुण्यात गेमिंग कॅफेत ओळखीच्या मुलांबरोबर आणि रात्री घरून अनोळखी चौघांबरोबरही. त्या अनुभवातून त्याचं एक मत पक्कं झालं आहे. एन्ट्री घेणं, म्हणजे सगळ्यांत आधी आत शिरणं, हे दोघांचं काम आहे. दुसरा कोण हे ठरलेलं नसेल तर पहिल्याने पाऊल टाकूच नये.

कारण साध्या हिशेबात आहे. जड चिलखत घेतलेल्या खेळाडूचं आरोग्य 100 आणि चिलखताचे 50, मिळून 150. व्हँडल रायफलची एक गोळी डोक्यात बसली की नुकसान 160, मग अंतर कितीही असो. कोपऱ्यात क्रॉसहेअर रोखून बसलेल्या बचाववाल्याला एक क्लिक पुरते. त्याला एकच फट बघायची असते. आत शिरणाऱ्याला मात्र सगळीकडे बघावं लागतं.

असेंट या मॅपवरची ए साईट, म्हणजे हल्ला करणाऱ्यांनी काबीज करायची जागाच घ्या. ए मेनच्या बोळातून बाहेर पडलं की वर हेवनचा सज्जा, साईटवर जनरेटरमागची सांदी, शिवाय ट्रीकडून येणारी वाट. एवढ्या जागा एका नजरेत कुणालाच तपासता येत नाहीत. म्हणून कंट्रोलरने आधी हेवन आणि ट्रीवर धूर टाकायचा, सोव्हा या पात्राने टेहळणीचा बाण मारायचा, केओने डोळे दिपवणारा फ्लॅश फेकायचा आणि तो फुटताक्षणी जेटने झेप घ्यायची. आता तिच्या वाट्याला एखाद-दोन कोपरेच उरतात, आणि तेवढे तिला जमतात.

गाडी अडते ती याच क्षणाला. हेडफोनमध्ये ‘फ्लॅश देतोय’ असं ऐकू येतं, तोवर जेट साईटवर पोचलेली असते. मग तो फ्लॅश तिच्याच डोळ्यांसमोर फुटतो, स्क्रीन पांढरी होते, आणि ती निवळण्याआधी राउंड संपलेला असतो. नेम कितीही पक्का असला तरी इथे काही चालत नाही. तेव्हा आधी तोंडाने सांगावं, ‘तुझ्या फ्लॅशवर जातोय, तीन मोज’, आणि मगच निघावं. मराठी, हिंदी, जी भाषा पाचही जणांना कळते तीत सांगावं.

झेप घेण्याचा नियमही एप्रिल 2022 मध्ये बदलला. पूर्वी बटण दाबताच जेट उडायची, त्यामुळे चुकीच्या जागी अडकली तरी निसटता यायचं. आता झेप आधी सज्ज करून ठेवावी लागते आणि ठरावीक वेळात वापरावी लागते. ती मुदत सुरुवातीला 12 सेकंदांची होती, 2023 मध्ये ती साडेसातवर आली. साडेसात सेकंदांत संघ तयार नसेल तर झेप वाया जाते. लेखकाच्या मते खेळात झालेल्या चांगल्या बदलांपैकी हा एक आहे, कारण त्यामुळे आधी ठरवून खेळणं भागच पडतं.

मरण तरीही येणारच. कबड्डीतल्या चढाईपटूला परत यायचं असतं, इथे परत येण्याची अपेक्षाच नसते. प्रश्न एवढाच, की मारणाऱ्याला पुढच्या क्षणी दुसऱ्याने टिपलं का? खेळाडू याला ट्रेड म्हणतात. ट्रेड झाला तर चारास चार उरतात आणि साईटचं दार उघडलेलं असतं. नाही झाला तर पाचाविरुद्ध चार. वर पैशांचा फटका वेगळा: व्हँडल 2900 क्रेडिटची, जड चिलखत 1000 चं, आणि पहिल्या पराभवानंतर हातात पडतात 1900.

मोठ्या स्पर्धांतही हेच दिसतं. 18 सप्टेंबर 2022 ला इस्तंबूलमध्ये ब्राझीलच्या लाऊड संघाने ऑप्टिकला 3-1 ने हरवून चॅम्पियन्स ही स्पर्धा जिंकली. पुढे धावणारा आस्पास सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याच्यासाठी माहिती काढणारा, इनिशिएटरच्या जागेवरचा सेसी त्या विजयात तितकाच भागीदार होता.

आपल्याकडे त्याच महिन्यात मुंबईच्या ग्लोबल ई-स्पोर्ट्स संघाला रायटने आपल्या आंतरराष्ट्रीय लीगसाठी निवडलं. याच संघाकडून स्करॉसी या नावाने खेळलेल्या गणेश गंगाधरच्या जेटच्या क्लिप इथल्या पोरांनी पाठ केल्या आहेत. क्लिपमध्ये दिसतात लागोपाठ पडलेले शत्रू. त्याआधी धूर कुणी टाकला, मागे कोण उभा होता, हे बहुतेक वेळा कापलेलं असतं. शिकणाऱ्याने म्हणून क्लिपऐवजी अख्खा सामना पाहावा, आणि नजर ड्युअलिस्टच्या मागच्या माणसावर ठेवावी.

स्कोअरबोर्डचंही तसंच. पहिल्याने जीव देऊन मोकळी करून दिलेली जागा तिथे कुठे लिहिलेली नसते. मृत्यू मात्र मोजलेले असतात. त्या आकड्यांवरून माईकवर आईबहिणीवरून शिव्या देणारे संघ लेखकाने पाहिले आहेत. एक चांगला, मेहनती मुलगा त्या शिव्यांना कंटाळून खेळ सोडून गेला, याचं त्याला आजही वाईट वाटतं. असा संघ भेटला तर खुशाल म्यूट करावं, आणि पुढच्या सामन्यात दुसरी माणसं शोधावीत.

दुसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तुमचा ड्युअलिस्ट निघाला की दाराशी थबकू नका. दोन पावलांचं अंतर ठेवून त्याच्या मागोमाग आत जा. तो पडला तर ज्या कोपऱ्यातून गोळी आली तिकडे लगेच झाडा, आणि राउंड संपल्यावर त्याला ‘जागा छान काढलीस’ एवढं सांगा.