तांत्रिक साहाय्य सेवेतील रोजगार आणि रेझ्युमेचे लेखन

माहिती तंत्रज्ञान म्हटले की आज्ञावली लिहिणारा अभियंता डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बँकेच्या शाखा, रुग्णालये, विमा कंपन्या, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांतील संगणक चालू ठेवणारा, वापरकर्त्याची तक्रार ऐकून तिचे निवारण करणारा मोठा कर्मचारीवर्ग याच क्षेत्रात मोडतो. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर पुणे, बंगळूर, हैदराबाद, नोएडा येथे हा उद्योग विस्तारला आणि त्याबरोबर 'टेक्निकल सपोर्ट' किंवा 'हेल्पडेस्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोकऱ्याही वाढल्या. या नोकऱ्यांचे एक वैशिष्ट्य असे, की प्रारंभिक पदांसाठी अभियांत्रिकीची पदवी प्रत्येक ठिकाणी अनिवार्य नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) बाहेर पडलेला, पदविकाधारक, क्वचित कला वा वाणिज्य शाखेचा पदवीधरही येथे प्रवेश करू शकतो. लहान गावातील उमेदवाराच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. मात्र त्याची आणि नियोक्त्याची पहिली भेट एक-दोन पृष्ठांच्या रेझ्युमेतून होते, आणि अनेक पात्र उमेदवार याच टप्प्यावर मागे पडतात.

त्याचे मुख्य कारण असे, की आपल्याकडे रेझ्युमे आणि बायोडाटा यांत फरक केला जात नाही. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असे प्रतिज्ञापन हा साचा शासकीय अर्जाचा आहे. तेथे तो योग्यच असतो, कारण वयोमर्यादा आणि आरक्षण यांची पडताळणी त्यावरून होते. खासगी सेवेतील निवड अधिकाऱ्याला मात्र एवढेच पाहावयाचे असते, की बंद पडलेला संगणक आणि त्रासलेला वापरकर्ता या दोघांना ही व्यक्ती हाताळू शकेल काय.

कामाचे स्वरूप

साहाय्य सेवेची रचना सामान्यतः तीन पातळ्यांची असते. पहिल्या पातळीवरील कर्मचारी तक्रार नोंदवून घेतो आणि परवलीचा शब्द बदलून देणे, प्रिंटर जोडणे, ई-मेलची मांडणी तपासणे अशी कामे तेथेच पूर्ण करतो. न सुटलेली तक्रार दुसऱ्या पातळीकडे जाते, तर तिसरी पातळी त्या प्रणालीच्या तज्ज्ञांची असते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, त्यास 'तिकीट' म्हणतात; ते किती वेळात निकाली निघावे हे सेवा-पातळी कराराने, म्हणजे 'एसएलए'ने, ठरलेले असते. ब्रिटिश शासनाने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या 'आयटीआयएल' या कार्यपद्धतीत 'इन्सिडेंट' आणि 'प्रॉब्लेम' असा भेद केला जातो. पहिल्यात खंडित सेवा लवकरात लवकर पूर्ववत करणे अभिप्रेत असते, तर दुसऱ्यात पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या बिघाडाचे मूळ शोधणे. नवख्या उमेदवाराने या संज्ञांची केवळ यादी देऊ नये. त्यांचा अर्थ त्याला कळला आहे हे त्याच्या वाक्यांतून दिसावे.

अनुभव नसताना अनुभव कसा मांडावा

'संगणकाचे उत्तम ज्ञान', 'नेटवर्किंगची माहिती', 'कष्टाळू व प्रामाणिक' ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेत आढळतात आणि म्हणूनच ती काहीही सांगत नाहीत. त्याऐवजी एखादा प्रसंग लक्षणे, तपासणी, कृती आणि परिणाम या क्रमाने सांगता येतो.

समजा, संस्थेच्या प्रयोगशाळेतील वीस संगणकांपैकी आठ संगणकांवर इंटरनेट बंद पडले. उमेदवाराने त्यांचे आयपी पत्ते पाहिले, तेव्हा ते १६९.२५४ या अंकांनी सुरू होणारे आढळले. संगणकाला पत्ता वाटून देणाऱ्या डीएचसीपी सेवेपर्यंत पोहोचता आले नाही, की विंडोज प्रणाली स्वतःहून असा पत्ता घेते. आठही संगणक एकाच स्विचला जोडलेले होते, तर उरलेले बारा दुसऱ्या स्विचवर सुरळीत चालत होते. म्हणजे दोष संगणकांत नसून पहिल्या स्विचमध्ये किंवा त्याला मुख्य जाळ्याशी जोडणाऱ्या केबलमध्ये असावा, असा निष्कर्ष निघाला. केबल बदलली, पत्ते नव्याने मागवले, सेवा सुरू झाली, आणि हे सर्व प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहिले गेले. रेझ्युमेत याच्या दोन ओळी होतील: 'वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत आठ संगणकांची खंडित जोडणी तपासली, आयपी पत्त्यांवरून डीएचसीपीपर्यंत संपर्क नसल्याचे ओळखले, स्विचची सदोष केबल बदलून सेवा पूर्ववत केली व नोंद ठेवली.' यात आत्मस्तुतीचे एकही विशेषण नाही, तरीही उमेदवाराची विचारपद्धती त्यातून कळते.

असे प्रसंग शोधण्यासाठी कंपनीत नोकरी केलेली असण्याची आवश्यकता नाही. आपले सरकार सेवा केंद्रावरील काम, गावातील शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल, दुरुस्तीच्या दुकानातील सहा महिने, शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये पूर्ण केलेले प्रशिक्षण, हे सारे अनुभवात मोडते. सेवा केंद्रावर अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून वैतागलेल्या वृद्ध ग्राहकाला शांतपणे समजावणारा तरुण हेल्पडेस्कचे अर्धे काम आधीच शिकलेला असतो. परंतु तोच तरुण रेझ्युमेत केवळ 'डेटा एंट्री' एवढेच लिहितो.

प्रमाणपत्राचा प्रांत

परप्रांतात अर्ज करणाऱ्या मराठी उमेदवारापुढे आणखी एक अडचण असते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा, हा अभ्यासक्रम येथील अनेक शासकीय पदांसाठी आवश्यक अर्हता ठरला आहे. उत्तर प्रदेशात तेच स्थान 'सीसीसी' या ऐंशी तासांच्या अभ्यासक्रमाला आहे. तो घेणारी केंद्रीय संस्था पूर्वी डीओईएसीसी या नावाने ओळखली जाई व २०११ पासून ती एनआयईएलआयटी झाली. लखनौच्या विकास नगरमधील विद्यार्थ्याला सीसीसी जितके परिचित, तितकेच एमएस-सीआयटी अपरिचित असते. नांदेड वा साताऱ्याच्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलट. हे दोघेही नोएडातील एकाच पदासाठी अर्ज करतील, तेव्हा केवळ आद्याक्षरे लिहून भागणार नाही. अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, देणारी संस्था, वर्ष आणि त्यात प्रत्यक्ष काय शिकविले गेले याची एक ओळ द्यावी. आयटीआयच्या 'कोपा' किंवा संगणक देखभालीच्या व्यवसायाबाबतही हेच करावे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची पातळी नमूद करावयाची असल्यास प्रमाणपत्रावर छापलेलीच लिहावी. २०१३ चा आराखडा २०२३ मध्ये सुधारला गेल्याने जुन्या व नव्या पातळ्यांत फरक पडतो.

भाषेचे उलट घडते. विकास नगरमध्ये वाढलेल्या मराठी कुटुंबातील उमेदवाराला मराठी ही घरगुती बाब वाटते आणि ती रेझ्युमेच्या तळाशी, छंदांच्या शेजारी जाते. परंतु ज्या ग्राहकसेवेला महाराष्ट्रातील ग्राहकांचे दूरध्वनी घ्यावयाचे आहेत, तिच्या दृष्टीने उत्तरेत बसून अस्खलित मराठी व हिंदी बोलणारी व्यक्ती सहजी मिळत नाही. अशा पदासाठी भाषा पहिल्या पाच ओळींत यावयास हवी, आणि बोलणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काय येते हेही स्पष्ट करावे. इंग्रजी बोलण्यात अडखळणारा उमेदवार लेखी संवादात चांगला असेल, तर तसे लिहिण्यात संकोच नको. ई-मेल व चॅटद्वारे चालणारी साहाय्य सेवाही मोठी आहे.

असत्याची किंमत

पैसे घेऊन अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे देणारे दलाल सर्वच शहरांत आढळतात. पूर्वी असा प्रकार खपून जात असेल, परंतु २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधी सदस्यांना सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, दिला जातो आणि त्यावर आस्थापनांचे नाव व सेवेच्या तारखा दिसतात. पार्श्वभूमी पडताळणीत दावा आणि ही नोंद जुळली नाही, तर रुजू झाल्यानंतरही सेवा समाप्त होऊ शकते. शिक्षणात वा नोकरीत खंड असल्यास तो झाकू नये; घरातील आजारपण, स्पर्धा परीक्षेची तयारी असे कारण एका ओळीत पुरते. स्पर्धा परीक्षांसाठी दोन-तीन वर्षे दिलेल्यांची संख्या मोठी असल्याने अधिकाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही.

आधार व पॅन क्रमांक मात्र रेझ्युमेत कधीही देऊ नयेत. ही प्रत कोणाकोणाच्या हाती जाईल हे उमेदवाराला माहीत नसते. निवडीपूर्वी नोंदणी शुल्क वा अनामत मागणारा 'नियोक्ता' बहुधा फसवणूक करणारा असतो.

मांडणी

मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे प्रथम संगणकीय प्रणाली वाचते. त्यामुळे रंगीत चौकटी, तक्ते, छायाचित्रे टाळावीत आणि जाहिरातीतील संज्ञा, त्या खरोखर येत असतील तर, जशाच्या तशा वापराव्यात. मराठी वा हिंदी मजकूर द्यावयाचा असल्यास तो युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकातील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत बदलतो, आणि तांत्रिक पदाच्या उमेदवाराकडून ही चूक विशेष खटकते. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कौशल्यांच्या यादीत केवळ जुन्या आवृत्त्या असतील तर उमेदवाराने अलीकडे संगणक उघडला नसावा, असा समज होतो.

केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाचे २०१५ मध्ये सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस संकेतस्थळ आणि महाराष्ट्र शासनाचे महास्वयं, या दोन्हींवर नोंदणी करताना रेझ्युमेतील तारखा व टक्केवारीच तेथे भरावी. तफावत राहिल्यास मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावर येतो. दुसरा प्रश्न बहुधा अनुभवाच्या ओळीवर असतो. आठ संगणकांची केबल बदलल्याचे लिहिणाऱ्याला विचारले जाईल, की केबल बदलूनही पत्ता १६९.२५४ नेच सुरू झाला असता, तर पुढे काय तपासले असते? स्विचचे पोर्ट, मग डीएचसीपी सेवा चालू आहे की नाही, मग वाटपासाठीचे पत्ते संपले आहेत काय, हा क्रम ज्याने स्वतः काम केले त्याला सांगता येतो.