जनसुनावणीला जाऊन काय मिळते?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या नियोजित खाणीसाठी पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. ‘खाण व्हायची ती होणारच,’ असे सगळे म्हणतात. पर्यावरणाचा तो जाडजूड अहवाल आणि ही सुनावणी यांमुळे सरकारचा निर्णय कधी बदलतो का?
– एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : ‘प्रकल्प नको’ असा निर्णय क्वचितच येतो. प्रकल्प कसा करायचा, हे मात्र बदलू शकते. तुमच्या शेजारचे, गोव्यातले मोपा पाहा.

पेडण्याच्या त्या पठारावर विमानतळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2000 साली तत्त्वतः मान्यता दिली. जनसुनावणी झाली 2015 च्या फेब्रुवारीत आणि पर्यावरण मंजुरी त्याच वर्षी ऑक्टोबरात. साखरपुडा उरकून, हॉलचे आगाऊ पैसे भरून मग पत्रिका जुळते का ते पाहायला जावे, तसा हा प्रकार. पर्यायी जागांचा विचार अहवालात असावा लागतो खरा, पण तोवर तो उपचारच उरतो.

दुसरी खोट पैशाची. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्पवालाच. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा उतरवल्याचे उघड झाले होते. कोकणातल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून त्यात चक्क स्प्रूस आणि बर्चची जंगले होती! आंबा-काजूच्या मुलखात ही झाडे कुणी लावली, हे विचारायला अहवाल वाचणारा कुणीतरी लागतो.

मोपाच्या बाबतीत तो वाचला गेला. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी निलंबित केली. सुरुवातीच्या अर्जात 15 किलोमीटरच्या परिघातली वने आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती पुरती दिली नव्हती आणि लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने नीट विचार केला नव्हता, असे न्यायालयाला आढळले. समितीला पुन्हा बसावे लागले आणि तिने जादा अटी घातल्या. 16 जानेवारी 2020 रोजी निलंबन उठले. अटी पाळल्या जातात की नाही, यावर देखरेख ठेवण्याचे काम ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आले. विमानतळ झालाच, 5 जानेवारी 2023 पासून विमानेही उडू लागली. तोडलेली झाडे काही परत आली नाहीत. पण साडेनऊ महिने थांबावे लागले ते कागदावरच्या अपुऱ्या माहितीपायी आणि विचारात न घेतलेल्या मुद्द्यांपायी, हे विसरू नका.

म्हणून माझे मत असे : पर्यावरणावरील परिणामांचे हे मूल्यांकन आपल्या बळावर फारसे काही करत नाही. त्यातली चूक कुणी नोंदवली, तरच त्याला धार येते. सुनावणीत मतदान नसते, गणपूर्तीची अट नसते. तुम्ही गेला नाहीत तरी ती ‘झाली’ असेच धरले जाते. घोषणा इतिवृत्तात विरून जातात. ‘अमुक सर्व्हे नंबरातला बारमाही झरा अहवालात नाही’ हे वाक्य मात्र टिकते, कारण त्याला उत्तर द्यावे लागते.

तेव्हा जा, आणि तयारीने जा. अशा मूल्यांकनाबाबतच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे सुनावणीपूर्वी किमान 30 दिवसांची नोटीस लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो आधी मागून घ्या. गावातले झरे, विहिरी, देवराई, जनावरांच्या वाटा नकाशावर मांडा आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवावे लागते, तोवर उठू नका. मंजुरी निघालीच, तर हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला मुदत असते 30 दिवसांची.