प्रेमाची परस्परता : फासबिंडर यांच्या एका चित्रपटाचे वाचन

प्रस्तावना

मागील घटकात आपण साहित्यकृती आणि चित्रपट यांतील पात्रचित्रणाचा विचार केला. या घटकात राइनर वेर्नर फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ (१९७४) या चित्रपटाच्या आधारे एकच प्रश्न तपासावयाचा आहे : वयाने बऱ्याच लहान असलेल्या पुरुषावर एखादी स्त्री प्रेम करते तेव्हा ते प्रेम दोन्ही बाजूंचे असते काय?

शीर्षकाचा अर्थ ‘भीती आत्मा खाऊन टाकते’ असा होतो. मात्र मूळ जर्मन शब्दरचना व्याकरणदृष्ट्या सदोष आहे. ती अलीची, म्हणजे मोडकीतोडकी जर्मन बोलणाऱ्या मोरोक्कन कामगाराची भाषा आहे. ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा उपयोग होईल.

विषय-विवेचन

म्युनिकमध्ये साफसफाईचे काम करणारी, साठीच्या आसपासची विधवा एम्मी पावसामुळे एका बारमध्ये शिरते. तेथील एक स्त्री अलीला थट्टेने तिच्याबरोबर नाचावयास सुचविते. संबंधाचा आरंभ असा दुसऱ्याच्या चेष्टेतून होतो. विवाहाची कल्पनाही प्रथम एका खोट्यातून येते. घरात पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल आक्षेप घेतला जाताच एम्मी ‘आम्ही लग्न करणार आहोत’ असे सांगून मोकळी होते आणि अलीला ती कल्पना पसंत पडते. मग हे प्रेम की सोय? एकाच खोलीत अनेकांसह राहणाऱ्या परक्या माणसाला घर हवे असणारच. परंतु घर हवे असणे आणि माणूस हवा असणे या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढीत नाहीत. अलीविषयीचा हा संशय नेमका एम्मीच्या शेजारणींचा आहे, हेही विसरू नये. प्रेक्षक तो उचलतो तेव्हा तो नकळत त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

पूर्वार्धात दोघांवर बाहेरून दडपण आहे. मुलगा संतापाने दूरदर्शन संच लाथेने फोडतो, वाणी माल देत नाही, सहकारी बायका एम्मीला वाळीत टाकतात. डग्लस सर्क यांच्या १९५५ सालच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ या चित्रपटातील विधवा आणि माळी यांची कथा फासबिंडर यांच्यासमोर होती. पण सर्क यांच्याकडे नसलेली गोष्ट फासबिंडर उत्तरार्धात आणतात, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे मोल तेथेच आहे.

सुट्टीवरून दोघे परततात तेव्हा समाज निवळलेला असतो. वाण्याला गिऱ्हाईक हवे, शेजारणीला सामान हलविण्यास बळकट हात हवेत. विरोध सरतो आणि दोघांमधील विषमता उघडी पडते. एम्मी मैत्रिणींना अलीचे दंड चाचपून पाहू देते. त्याने कुसकुस मागितल्यावर ती नकार देते. जर्मनीत राहावयाचे तर येथील चालीरीती शिकाव्यात, असा तिचा सूर असतो. तो उठून निघून गेला की त्याचे खापर ती त्याच्या परकेपणावर फोडते. तिचे प्रेम खोटे नाही, पण त्यात मालकी शिरली आहे. नव्याने आलेल्या युगोस्लाव्ह कामगार स्त्रीला दूर ठेवण्यातही ती सामील होते. कालची बहिष्कृत स्त्री आज बहिष्कार घालते!

अली कुसकुससाठी बार्बराकडे जातो. गॅरेजमध्ये सहकारी एम्मीच्या वयाची टिंगल करतात तेव्हा तो तिला ओळख देत नाही. येथे परस्परता संपली असे म्हणता येईल. परंतु पुढे जुगारात पैसे हरलेला अली स्वच्छतागृहातील आरशासमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. त्याच्याजवळ शब्द थोडे आहेत. अपराधभाव त्याच्या देहातून बोलतो. ज्याला भाषा अपुरी पडते त्याच्या प्रेमाचा पुरावा संवादांत शोधणे हा वाचनातील दोष होय.

शेवटी पहिल्याच गाण्यावर दोघे पुन्हा नाचतात. अली अन्य स्त्रियांशी आलेल्या संबंधांची कबुली देतो, एम्मी ती महत्त्वाची मानीत नाही. त्याच क्षणी तो कोसळतो : जठरव्रण. परदेशी कामगारांत हा आजार वारंवार आढळतो आणि सहा महिन्यांत हा पुन्हा येथे येईल, असे डॉक्टर सांगतात. एम्मी ते मान्य करीत नाही. ती खाटेजवळ त्याचा हात धरून बसते. हा हात अली स्वतःहून धरीत नाही, कारण तो बेशुद्ध आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

पहिले नृत्य आणि अखेरचे नृत्य या दोन प्रसंगांत कोण कोणाला काय देते, हे आपल्या शब्दांत लिहा. उत्तरात अलीच्या बोलण्यापेक्षा त्याच्या कृतींचा आधार घ्या.