सिंधू : नायिका की नायकाची पत्नी?

'एकच प्याला'वर वर्गात चर्चा चालू असता सरांनी सहज विचारले, "या नाटकाची नायिका कोण?" आम्ही सर्वांनी एका सुरात 'सिंधू' असे उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र मला त्या उत्तराची शंका येऊ लागली.

गडकऱ्यांचे देहावसान आपल्या विदर्भातच, सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर गणपतराव बोडसांनी केला, तर सिंधू बालगंधर्वांनी. गुर्जरांची पदे आणि बालगंधर्वांचा गळा! प्रेक्षक सिंधूसाठी रडले यात नवल ते काय? परंतु जिच्यासाठी रडू येते ती नायिकाच, असे म्हणता येईल काय?

कथानक हलते ते सुधाकरामुळे. कोर्टात अपमान त्याचा होतो, पेला तो उचलतो, मुलाचा जीवही त्याच्याच हातून जातो. सिंधू दळण दळून संसार ओढते, सोसते. उलट तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते. पण तिला आपण दुय्यम पात्र म्हणून दोन ओळींत आटोपतो. कृती हीच कसोटी मानली तर गीतेचा हक्क अधिक नाही का?

ही कथा मी आईला सांगितली. ती निंदणाहून नुकतीच आली होती. शाळेची पायरी तिने चढलेली नाही, पण दारू तिला ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी असूनही ठाऊक आहे. मरताना सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब देते, हे ऐकून ती म्हणाली, "मंग वाचला का तो?"

"नाही. दारूत विष घालून प्याला."

"मंग तिचं खोटं बोलनं बी वायाच गेलं म्हना."

माझी शंका नेमकी इथेच होती. साऱ्या नाटकात सिंधूने स्वतः होऊन केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो जबाब, आणि तोही सुधाकराच्या शेवटापुढे निष्फळ ठरतो. तिच्या निर्णयाने कथेची दिशा बदलत नाही. म्हणून माझ्या मते सिंधू ही सुधाकराच्या शोकांतिकेतील सर्वांत मोठी हानी आहे, नायिका नव्हे. सरांना हे मत पटलेले नाही. परीक्षेत 'सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न आला, तर मी हेच लिहिणार आहे. गुण किती मिळतील ते मिळोत.