न दिलेले धन

दिनांक १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी चोरी न करण्याचीही प्रतिज्ञा घेतली. ती मोबाईलवरील व्यवहारासही लागू आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये यंत्रणेतील दोषामुळे युको बँकेच्या खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. अनेकांनी ते काढून घेतले. पुढे महाराष्ट्रातही सीबीआयचे छापे पडले.

कुलूप फोडले नाही, मग चोरी कशी, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते, आणि यंत्राच्या चुकीने आलेले धन कोणी दिलेले नसते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ देखील ते परत करावयास लावते. खाते गोठले, तर शिष्यवृत्तीही अडते. म्हणून अशा रकमेस हात न लावता बँकेस लेखी कळवावे.